मैना गाडीत चढली

तिसऱ्यांदाही मैना ट्रेलरच्या चढायच्या फळीवरूनच उलटी फिरली. गड्याच्या हातातला दोर सुटला, पत्र्यावर टापांचा धडाका उडाला आणि वरातीची ती पांढरी घोडी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली.

कैलासनं घाम पुसला. मैनेच्या डाव्या डोळ्यात गाठ वाढत होती. नागपूरच्या जनावरांच्या दवाखान्यानं ऑपरेशनसाठी सोमवारची तारीख दिली होती. ती चुकली तर डोळा जाणार. देवळीहून नागपूर नव्वद किलोमीटर, आणि आज बुधवार होता. सहा महिन्यांपूर्वी व्यापाऱ्यानं ही घोडी चालवत का आणून दिली, ते त्याला आत्ता कळलं.

नाल ठोकणारा सोनबा भिंतीला टेकून बघत होता. तो जवळ आला. मैनेच्या मानेवरचा तपकिरी ठिपका त्यानं बराच वेळ न्याहाळला.

"पुलगावच्या देवकाबाईले आन," तो म्हणाला. "तिच्याच्यानंच होईन."

"घोड्यायचं काम करते का ते?"

"आन त खरी. जास्त विचारू नको तिले."

गुरुवारी सकाळच्या बसनं देवकाबाई आल्या. पन्नाशी उलटलेली सडपातळ बाई, हातात कापडी पिशवी. अंगणात पाऊल टाकताच त्या थबकल्या. मैनेकडे न जाता त्या समोरच्या ओट्यावर बसल्या आणि तासभर नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. कैलासची बायको काजल चहा घेऊन गेली. तो तसाच गार झाला.

"अभ्यास करून राह्यल्या घोडीचा," कैलास बायकोला हळूच म्हणाला.

मग त्या उठल्या आणि एकट्याच ट्रेलरमध्ये जाऊन खाली पसरलेल्या तणसावर बसल्या.

गडी रिंकू हसला. "काकू, घोडीले चढवाचं हाय, तुमाले नाई!"

"आधी मले त चढू दे," आतून आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. त्या सरळ मैनेसमोर गेल्या आणि तळहात पुढे धरला. मैनेनं कान मागे पाडले, मग हळूहळू मान लांबवली आणि तो हात हुंगत राहिली.  

शुक्रवारी काम सुरू झालं. देवकाबाईंनी ट्रेलरच्या आतला मधला आडवा दांडा काढून टाकला. पुढचं छोटं दार उघडं ठेवलं, म्हणजे आरपार उजेड दिसेल. पाय घसरू नये म्हणून चढायच्या फळीवर पोतं अंथरलं आणि त्यावर चारा ठेवला. मैनेनं एक पाय टाकला आणि लगेच मागे घेतला.

कैलास दोर ओढायला धावला.

"ओढू नको, बापू. वापस येऊ दे तिले. वापस येता येते, हे समजलं का मंग ते आत जाईन."

दुपारपर्यंत मैना दहादा चढली आणि दहादा उतरली. देवकाबाई कायम तिच्या खांद्याशी उभ्या असत. चार दिवसांत त्यांचा आवाज एकदाच चढला. रिंकू सहज घोडीच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

"मांगं उभा नको राहू!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की अंगणातली कबुतरं उडाली.

शनिवारी मैना आत असताना दार क्षणभर लागलं आणि उघडलं. मग जरा जास्त वेळ लागलं. मग नुसतं इंजिन सुरू केलं. रविवारी बसस्टँडपर्यंत एक चक्कर झाली. परतल्यावर मैना आपणहून उतरली आणि चारा मागायला देवकाबाईंच्या पिशवीत तोंड घालू लागली. 

सोमवारी पहाटे मैना चढली. देवकाबाई तिच्यासोबत आत राहिल्या.

"आत नका बसू, काकू. बिथरली त कुठं जासान?" कैलास म्हणाला.

"मी उतरली त ते बी उतरन. चाल तू. ब्रेक हळू मारजो."

पवनारच्या पुलावर मागून आलेल्या ट्रकनं कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला. ट्रेलर हादरला. आत टापा आपटल्या. कैलासनं पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली आणि धावत जाऊन खिडकीतून पाहिलं.

आत सगळं शांत होतं. मैनेनं कपाळ देवकाबाईंच्या छातीला टेकवलं होतं. बाईंचे डोळे मिटलेले होते. दोघींचा श्वास एका लयीत वरखाली होत होता. खाली धाम नदीचं पाणी चमकत होतं, मागून गाड्या जात होत्या आणि त्या दोघींना कशाचीच खबर नव्हती. कैलासचे हात नकळत जोडले गेले. देवळातही इतकं शांत त्याला कधी वाटलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. डोळा वाचला. संध्याकाळी डॉक्टर नंदिनी कागद भरायला बसल्या.

"गाडीला इतकी घाबरते म्हणता. आधी काही अपघात झाला होता का?"

"मले ठाऊक नाई, मॅडम. बाजारातून घेतली मी," कैलास म्हणाला.

"झालता," देवकाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाले. तवा हे पुलगावच्या पुंडलिकरावाची होती. गाडीत चढवता चढवता हिची लाथ त्यायच्या छातीत बसली. जाग्यावरच गेले."

डॉक्टरांचा पेन थांबला. "तुम्ही तिथं होतात?"

देवकाबाईंनी मैनेच्या कपाळावरून हात फिरवला.

"माहे घरवाले होते ते."