मशब्बकाचा भाव

"दीडशे पौंड किलो झाला तर घ्याल का?" समीहाने विचारलं.

उम्म रिज़्कने छातीवर हात ठेवला. "अगं, तुझ्या बाबांच्या हातचा मशब्बक मी पाचशेलासुद्धा घेईन. आम्ही काय परक्या आहोत?"

समीहाने कागदावर इतक्या जोरात खूण केली की पेन्सिलीचं टोक मोडलं. थोड्या वेळापूर्वी उस्ता फिक्री येऊन गेला होता. सुतार माणूस, हाताला काम नाही, हे इजिप्तमधल्या या दुम्यात शहरात सगळ्यांना ठाऊक. तोही बाबांना म्हणाला, "हजारला विका, हाज, रांगेत पहिला मी!" आणि पाव किलो घेऊन गेला.

समीहा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वर्गसमीकरणं आली की तिचं दुकानाचं उदाहरण ठरलेलं असे. भाव वाढवला की किलोमागे जास्त सुटतं, पण गिऱ्हाईक गळतं. त्यामुळे नफा आधी चढतो, मग उतरतो. आलेख पालथ्या वाडग्यासारखा दिसतो. त्या वाडग्याचा माथा सापडला की दुकानदाराला भाव सापडला. फक्त कुठल्या भावाला किती गिऱ्हाईक गळेल, तेवढं कळायला हवं. इथे कुणी गळायलाच तयार नव्हतं. तिचा आलेख वाकायचं नाव घेत नव्हता, मिनारासारखा सरळ वर निघाला होता.

साखर महागली होती, तेल महागलं होतं, आणि तिचे बाबा, हाज बहगत, अजून जुन्याच भावाला विकत होते. शेजारच्या फर्निचरवाल्याला त्यांचा गाळा हवा होता. "मुलीला विचारून सांगतो," असं हाजांनी त्याला सांगितलं होतं. समीहाने हट्टाने मुदत मागून घेतली होती. ती भाव काढून देणार होती, दुकान वाचणार होतं. मुदत आज संध्याकाळी संपत होती.

"बाबा, ही सगळी माणसं खोटं बोलतात!"

"खोटं कसलं, पोरी? बोलायची रीत आहे." हाजांनी कढईतून मशब्बकाचं जिलबीसारखं जाळीदार वेटोळं उचललं, पाकात बुडवलं आणि उम्म रिज़्कच्या मालाचं वजन झाल्यावर तिच्या पुड्यात वरून टाकलं.

"आणि तुम्ही ते वरून टाकणं बंद करा! मी हिशेब कसा मांडू?"

"ते हिशेबात धरू नकोस. ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या समाधानासाठी असतं."

समीहाने कपाळाला हात लावला.

उम्म रिज़्क गेली आणि तिच्याच इमारतीतली सित्त इन्साफ आत आली. समीहा आता पुरती वैतागली होती. "तुमचं राहू द्या हो, मावशी. तुम्हीही हजारला घ्याल. मला एवढंच सांगा, तुमच्या खालच्या मजल्यावरची उम्म रिज़्क दीडशेला घेईल का?"

"ती?" सित्त इन्साफ हसता हसता काउंटरवर टेकली. "एकशेतीस झाला ना, तर ती दुकानासमोरून तोंड फिरवून जाईल! वर म्हणेल, डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

समीहाने ड्रॉवरमधून नवी पेन्सिल काढली.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला तिने शेजाऱ्याबद्दल विचारलं. गल्ली एकदम खरं बोलायला लागली, तेही चवीने. कोण एकशेचाळीसला अर्ध्यावर येईल, कोण सासू आली तरच घेईल, कोण पलीकडच्या दुकानातून घेईल आणि दिसलाच तर म्हणेल की चुकून आलो. उस्ता फिक्रीला तर आत्ताचाच भाव झेपत नाही, केवळ हाजांची लाज म्हणून तो येतो. कागदावरचे ठिपके खाली वळू लागले. आलेख वाकला.

संध्याकाळच्या नमाजाला हाज मशिदीत गेले तेव्हा तिने गणित मांडलं. माथा एकशे पंचावन्नवर आला. समीहाला शिट्टी वाजवावीशी वाटली. मग तिने त्या भावाला सुटणाऱ्या नफ्यातून भाडं वजा केलं, गॅस वजा केला.

तिने गणित पुन्हा मांडलं. उत्तर तेच. वाडगं नीट पालथं होतं, माथाही होता, पण तो माथासुद्धा शून्याच्या खाली होता.

तिला गॅसचा राग आला, साखरेचा राग आला, खरं बोलल्याबद्दल सित्त इन्साफचा राग आला. एकशे पंचावन्न, एवढंच म्हटलं तरी भागलं असतं. बाबा खूश झाले असते, आणि वर्षभरात त्यांची पुंजी कढईत गेली असती.

हाज परतले. मागोमाग फर्निचरवाला जपमाळ फिरवत दारात येऊन उभा राहिला.

"सापडला का भाव?" हाजांनी विचारलं.

"सापडला." समीहाने कागद पुढे सरकवला. "पण तो पुरत नाही, बाबा. कुठलाच भाव पुरणार नाही. दुकान बंद करा."

हाज मटकन स्टुलावर बसले. ती पाणी आणायला वळली. मागून लांब सुस्कारा ऐकू आला. हाजांनी एप्रनची गाठ सोडली होती, पाय सरळ पसरले होते आणि ते हसत होते.

"अल्लाहची कृपा! एकदाचं कुणीतरी म्हणालं."

"म्हणजे?" समीहा ओरडलीच. "तुम्हाला बंदच करायचं होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"विचारत तर होतो, पोरी. दर ईदला विचारत होतो, गुडघे उभं राहू देत नाहीत, बंद करू का? आणि दर ईदला तू म्हणायचीस, 'भलतंच काय बाबा, तुमच्या मशब्बकाशिवाय ईद कसली!'"