पारूचं जोडवं

"तोफेचे गोळे, शिवराया, काय घावंल ते तुमचं," बयाजी म्हणाला. "चांदीचं जोडवं निघालं तर तेवढं माझं."

शहरातून आलेला नाणी जमवणारा माणूस हसला आणि गडाखालच्या नांगरलेल्या रानात धातू शोधायचं यंत्र फिरवू लागला. दुपारपर्यंत तांब्याच्या चार शिवराया आणि बंदुकीच्या तीन शिशाच्या गोळ्या निघाल्या. बयाजीनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इथंच खुरपताना त्याच्या बायकोच्या, पारूच्या, पायातलं जोडवं पडलं होतं. "भावाला दिलं असशील मोडायला," असं तो चारचौघींसमोर बोलला. तिनं तीन दिवस रांगत माती चाळली आणि मग तो विषय कधीच काढला नाही. गेल्या माघात ती सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, मळवट, सगळं झालं. एका पायाचं बोट मात्र उघडंच राहिलं.

बांधाजवळ यंत्र वाजलं. त्या माणसानं ढेकूळ फोडलं आणि काळं पडलेलं जोडवं बयाजीच्या हातावर ठेवलं.

बयाजी तिथंच मातीत बसून रडू लागला.

"अहो बाबा, सापडलं ना? मग रडताय कशाला?"

"नसतं घावलं," बयाजी म्हणाला, "तर माझंच खरं ऱ्हायलं असतं."