आईला घेऊन या

तुम्ही वर खुर्चीत बसून एक ओळ लिहून टाकली: गर्भ पाडायला आलेली पोर अठराच्या आतली असली तर पालकाची सही पाहिजे. लिहिताना पालक म्हणजे कोण, हे कुणाला विचारलं होतं का? निदान लातूरच्या त्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्या शिवकांताला तरी विचारायचं होतं.

शिवकांता ट्यूशन एरियात पोरींची मेस चालवते. एक पाय ओढत चालते. त्र्याण्णवच्या भूकंपात घरदार गेलं तेव्हापासून ती स्लॅबखाली झोपत नाही. मेसमागं पत्र्याची खोली आहे, तिथं पडते. अंजू उमरीहून शिकायला आली तेव्हा मेसही नवीच होती. बाकीच्या पोरी पोळी मागून घ्यायच्या. अंजूच्या ताटात न मागता पडायची.

"मावशी, ती काय जावई हाय का तुमची?" पोरी चिडवायच्या.

"वाळलीय बघा कशी. उद्या डॉक्टर झाली तर लोक तिलाच तपासतील."

त्याच अंजूला दिवस गेले होते. क्लासमधला आलोक नावाचा पोरगा त्याला कारण. कळलं तसा तो रेणापूरला घरी पळाला आणि मोबाईल बंद करून बसला. उमरीत बाप होता, गुरुपादप्पा हेडमास्तर. लातूरला सोडून जाताना लेकीला म्हणाला होता, "शीक. पण नाव बुडवलंस तर परत येऊ नको. आलीसच तर घरामागं विहीर हाय." म्हणताना तो हसला नव्हता.

दवाखान्याकडं जाताना रिक्षात अंजू हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हीच आई व्हा ना माझी. एका सहीपुरतं. कोण बघतंय?"

शिवकांतानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं. रिक्षा गांधी चौक ओलांडून गेली तरी मूठ सुटली नाही.

"होते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण हिच्या?"

"आई."

"वय काय मुलीचं?"

"अठरा पुरी हाय. भूकंपाच्या रात्रीची. गाव गणपती बुडवून झोपलं, तवा कळा सुटल्या. पोर झाली आन् घटकाभरानं जमीन हालली."

अंजूनं खाली मान घातली. मावशीला एवढं रचता येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"क्लासच्या कार्डावर एक जून पंच्याण्णव आहे. म्हणजे सोळा."

"ती मास्तरानं लावलेली तारीख हाय, मॅडम."

नर्स सिंधु फिसकन हसली. "खरंय की मॅडम. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच यायचा."

"सिंधु, तू गप गं." डॉक्टरीणबाई शिवकांताकडे वळल्या. "कागद सोळा म्हणतो, तर सोळा. जन्माचा दुसरा काही दाखला आहे?"

"गावच दगडाखाली हाय. दाखला कुठला आणू?"

"हे बघा बाई, मला तुरुंगात जायचं नाही. आई आहात ना, मग तुमचं ओळखपत्र दाखवा."

शिवकांतानं मतदानाचं कार्ड पुढं सरकवलं. अंजूच्या कार्डावर आईचं नाव नीलम्मा होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली, फोन उचलला आणि कार्डावरचा बापाचा नंबर फिरवला. पलीकडचा आवाज मोठा होता. खोलीभर ऐकू आला.

"अंजूच्या आई आहेत का घरी?"

"हाय की. पुढ्यातच बसून जेवायलीय. कोण बोलतंय?"

"लातूरहून. दवाखान्यातून."

"कसला दवाखाना?"

"बायकांचा."

पलीकडं खुर्ची सरकली. मग आवाज आला, "निघालोच." फोन कट झाला.

अंजूचे ओठ पांढरे पडले. "मॅडम, कशाला सांगितलं? ते मला जित्ती ठेवायचे न्हाईत."

"खोटी आई आणता, तारीख खोटी म्हणता, वर मलाच विचारता?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "अशा बायकांमुळंच कायदा करावा लागतो. जा, खऱ्या आईला घेऊन या. बाप नसेल समजून घेत, पण आईला पोटातून कळतं. तिनं सही केली की मी लगेच करते."

शिवकांता टेबलाला धरून उभी राहिली.

"मीच हाय, मॅडम. लिंगाची आण घेऊन सांगते, मीच आई हाय हिची."

"सिंधु, यांना बाहेर ने."

जिन्यात अंजू भिंतीला टेकली. रडता रडता तिला हसूच फुटलं. "लई भारी खोटं बोलता मावशी तुम्ही. भूकंप काय, आण काय! एक घडी मलाबी खरं वाटलं."

"व्हय," शिवकांता म्हणाली. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "चल. बाप यायच्या आत दोन घास खाऊन घे."

भूकंपानंतरच्या छावणीत, चिरडलेला पाय फळीला बांधलेला असताना, शिवकांतानं आपली तान्ही पोर उमरीहून मदत घेऊन आलेल्या मास्तराच्या बायकोच्या, बिनलेकराच्या नीलम्माच्या पदरात घातली होती. हेच लिंग मुठीत धरून जन्मभर तोंड न उघडायची आण घेतली होती. ती आण तिनं तुमच्या त्या एका ओळीपायी डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं मोडली. आईला घेऊन या म्हणालात, आई उभी होती. आता बोला, सही कुठं करायची?