पिंजऱ्यासकट मुद्देमाल

ताईच्या प्राणिमित्र संस्थेने एका दुकानदाराच्या तावडीतून वीतभर पिंजऱ्यासकट पोपट सोडवला, तर त्याने उलट संस्थेवरच चोरीचा खटला भरला.

"तुझ्याकडून फी घेऊ? वेड लागलंय का, ताई?" म्हणत धाकट्या वकील भावाने खटला अंगावर घेतला आणि पहिल्याच दिवशी कोर्ट दणाणून सोडलं. "हा पिंजरा हाच छळाचा पुरावा, साहेब! निकाल लागेपर्यंत पोपट त्याच पिंजऱ्यात ठेवावा. यात पंख तरी पसरता येतात का, हे आपणच बघा."

मागणी लगेच मंजूर झाली. दर तारखेला पोपट टेबलावर हजर. पण पैसेवालं अशील आलं, की वकीलसाहेब घरचा हा खटला बिनदिक्कत पुढे ढकलायचे. ताई पिंजरा उचलून परत न्यायची.

अखेर एकदाचे वकीलसाहेब जिंकले. कोर्टाच्या आवारात, सगळ्यांदेखत, त्यांनी स्वतःच्या हाताने पिंजऱ्याचं दार उघडलं.

"जा बाळा, सुटलास!"



पोपट जागचा हलला नाही. मान वाकडी करून, हुबेहूब वकीलसाहेबांच्या आवाजात तो म्हणाला, "पुढची तारीख द्यावी, साहेब!"