चर्चच्या मागे

बाबा गाडीतून उतरत नव्हते. आत ऑर्गन सुरू होऊन थांबला होता. वॉटफर्डहून आलेली नातेवाईक मंडळी माना वळवून दाराकडे बघत होती. शेवटी शाल्मलीच शालू सावरत कार पार्कमध्ये गेली.

गेले सहा महिने हेच चाललं होतं. नवरा मुलगा एरिक डॅनिश, घरचे सगळे ल्युथेरन पंथाचे ख्रिश्चन. तरी लग्न कुठेही झालेलं त्यांना चालणार होतं. डॉक्टर शशिधरना जावई पसंत होता. नको होतं ते फक्त हे चर्च, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बंदराच्या गावात जर्मन खलाशांनी कधीकाळी बांधलेलं. "दुसरीकडे कुठेही कर," एवढंच ते म्हणाले. कारण विचारलं की उठून जात. पुढे तर त्यांनी मुलीशी बोलणंच टाकलं. धर्म आड येतोय, असंच सगळ्यांनी धरलं.

शाल्मलीने गाडीचं दार उघडलं. यायचं नसेल तर तसं सांगा, मी एकटी जाते, असं ती म्हणाली.

शशिधर उतरले. पण दाराकडे न जाता भिंतीच्या कडेने मागे चालू लागले. ती चिडून मागोमाग गेली. ओल्या गवतात, कुंपणालगत, एक बुटका दगड होता. आजूबाजूच्या दगडांवर शेवाळ होतं, याच्यावर नव्हतं. नावही नव्हतं.

"तुझा दादा," ते म्हणाले.

मग दगडाकडे बघतच त्यांनी सांगितलं. १९७५ साली त्यांची पहिली नोकरी इथल्याच हॉस्पिटलात होती. पहिलं बाळ आठवडाभरही जगलं नाही. तान्ह्या बाळाचं दहन करत नाहीत, आणि परक्या देशात पुरायचं कुठे ते कळेना. शाल्मलीची आई सुमन वॉर्डात तापाने फणफणलेली. तेव्हा इथल्या पाद्रींनी ही जागा दिली. बाळाला घेऊन ते एकटेच आले. कुठे ठेवलं ते बायकोला कधी सांगितलं नाही. तीस वर्षांत तिनेही कधी विचारलं नाही.

"तिला इथे आणायचं नव्हतं मला," शशिधर म्हणाले. "आणि तू नेमकं हेच चर्च शोधून काढलंस."

शाल्मलीने वाकून शेवाळ नसलेल्या त्या दगडावरून हात फिरवला.

"हे चर्च माझी चॉइस नव्हती, बाबा. आईची होती."