एकेकाने यायचं

मेहविशचा शाळेचा प्रोजेक्ट लंडनमधल्या पाच बायकांपाशी अडला होता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाच माणसाने त्यांचे खून केले. त्या खुन्यावर ढीगभर पुस्तकं निघाली. बायकांच्या वाट्याला एकच शेरा आला, वाईट चालीच्या. खरं तर त्यांतली एक विणकाम करून विकायची. एकीने नवऱ्याबरोबर कॉफीचं दुकान चालवलं होतं.

“पप्पा, नेबर्सना माहीत होतं ना? मग कोणी बोललं का नाही?” नववीतल्या मेहविशने अडखळत विचारलं.

भेकड असतील सगळे, असं रशीद म्हणाला. आणि त्याला ते मनापासून वाटलं होतं.

इथे ओमानच्या सलालाहमध्ये त्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीतल्या सुरैयाचा खून झाला होता. चोरीला शिरलेला माणूस तिसऱ्या दिवशी पकडला गेला. पण मेल्या बाईला तोंड नसतं, लोकांना मात्र चार-चार फुटतात. रोज दुपारी तिच्या मागच्या दाराने एकेक परका पुरुष आत जायचा, हे साऱ्या गल्लीने पाहिलं होतं.

ते डबा न्यायला जायचे. सुरैया घरकामाच्या व्हिसावर आलेली. खाणावळीची परवानगी नव्हती. म्हणून घोळका करायचा नाही, एकेकाने यायचं, डबा पिशवीत झाकून न्यायचा. हा शहाणपणाचा नियम रशीदनेच घालून दिला होता. बायको-मुलगी इथे यायच्या आधी तीन वर्षं तो तिच्याच हातचं जेवला. तापाने पडला तेव्हा तिने आठ दिवस पेज पाठवली होती. हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं.

कुणाची मयत गावी पाठवायची असली की कागदपत्रं रशीदच करायचा. त्यामुळे सुरैयाच्या भावाचा, हुसैनमियाँचा रत्नागिरीहून फोन त्यालाच आला. कुजबुज गावात पोचली होती. आईच्या कबरीशेजारी बहिणीला जागा द्यायची, की तिला तिकडेच माती द्या म्हणायचं, हे त्याला ठरवायचं होतं.

“तुमचा एक शब्द पुरे, रशीदभाय. मी कुनाचा ऐकनार नाय. ती कशी होती? तुमी तिच्याकडं जायचात, असा कोन तरी बोलला.”

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली. मेहविशनेही वहीतून मान वर केली.

ती डबे करायची, मीही तिथे जेवलोय, एवढंच म्हणायचं होतं. पण उद्या गल्ली त्या पुरुषांत रशीदचंही नाव घालणार होती.

“कोन बोलला तुमाला?” तो म्हणाला. “तसल्या बायकांच्या दारात मी पाय ठेवत नाय.”