एकही पट्टी हरवली नाही

“एकही लाल नाही?” डॉक्टर नाइफ यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पाच महिन्यांत एकही?”

“एकही नाही, डॉक्टरसाहेब. कुदैमाची त्रेसष्ट मुलं, सगळी हिरव्यात,” अर्वा म्हणाली.

तुर्बाच्या शाळेत भरलेल्या पोषण-शिबिराचा तो दुसरा दिवस होता. डोंगरातल्या गावांच्या वीसेक आरोग्यसेविका आपापले अनुभव मांडत होत्या. मात्र सगळ्यांचे लक्ष अंगणात उभ्या असलेल्या ट्रककडे होते. कुपोषित मुलांसाठीच्या शेंगदाणा-लगद्याची पाकिटे या खेपेला एकाच गावापुरती आली होती. कुदैमाला द्यायची की रहबाला, हे आज ठरणार होते. पुढची खेप तीन महिन्यांनी. लाल पट्टीतले मूल तेवढे दिवस काढीलच, याची खात्री कोणी देत नसे.

“माझ्याकडे अकरा लाल,” रहबाची बुश्रा खाली मान घालून म्हणाली. “तेही कळले तेवढे. निम्म्या बायकांनी पट्ट्या हरवल्या. एकीनं तर शेळीच्या गळ्यात बांधली.”

“शेळी तरी हिरव्यात आहे ना गं?” मागून कोणीतरी विचारले. सभागृह हसले. बुश्राही हसली, पण डोळे पुसत.

“माझ्याकडे एकही पट्टी हरवली नाही,” अर्वा म्हणाली. आवाजात अभिमान येऊ नये, याची तिने काळजी घेतली.

वसंतात ती कुदैमाला गेली होती. आयांनी आपल्या मुलांचा दंडघेर स्वतःच मोजावा, म्हणून तिने घराघरांत रंगीत पट्ट्या वाटल्या. मशिदीमागच्या ओट्यावर बायकांना गोळा करून तिने समजावले होते, “ताईत बांधता ना, त्याच डाव्या दंडावर बांधायची. खूण लालवर आली तर धोका, हिरव्यावर आली की लेकरू सुखरूप. हिला जिवापाड जपा गं. ही लेकराला मरणापासून राखते.” बायका मन लावून ऐकत होत्या. पुढच्याच आठवड्यात रस्त्यावर सुरुंग पेरले गेले आणि वाट बंद झाली. तेव्हापासून दर गुरुवारी तुफ्फाहा नावाची एक आई घरोघर विचारून फोनवर रंग कळवत आली होती.

“म्हणजे हे सगळं फोनवरचं,” डॉक्टर म्हणाले. “बायका खोटं बोलल्या नसतील कशावरून?”

“डॉक्टरसाहेब, खोटंच बोलायचं तर त्या लाल म्हणाल्या असत्या. पाकिटं मिळाली असती. मिळणारं घालवायला कोण खोटं बोलेल?”

डॉक्टरांनी मान डोलावली. “पटलं. पण उद्या गरज पडली, तर माझ्याकडे काही उरलेलं नसेल हं.”

अर्वाला रहबाची अकरा मुले डोळ्यांसमोर दिसली. “रहबालाच द्या,” ती म्हणाली आणि कागदावर सही केली.

बुश्राने येऊन तिच्या खांद्याचे चुंबन घेतले. “अल्ला तुझ्या गावाला असंच हिरवं ठेवो, बहिणी.”

ट्रक सुरू झाला. त्याचा आवाज उतारावर विरत गेला. मग किश्रचे, कॉफीच्या टरफलांच्या गरम काढ्याचे, पेले फिरले.

शेवटच्या बाकावर तुफ्फाहा बसली होती. चारच दिवसांपूर्वी वाट मोकळी झाली, आणि मोजमाप कसे करतात ते दाखवण्यासाठी अर्वाने तिला दीड वर्षांच्या गैदासह बोलावून घेतले होते. आल्यापासून गैदा आईच्या कडेवर शालीत गुंडाळलेली. टोपऱ्याखाली नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

“किती गुणी पोर!” पेला पुढे करत बुश्रा म्हणाली. “सकाळपासून हूं नाही की चूं नाही. माझा धाकटा असता तर शाळा डोक्यावर घेतली असती.”

“पूर्वी हीसुद्धा घ्यायची,” तुफ्फाहा हसून म्हणाली. “महिनाभरात शहाणी झालीय.”

डॉक्टरांनी टाळी वाजवून सगळ्यांना बसवले. “चला, आता कुदैमाकडून शिकू या. ये माझे बाई, पुढे ये.”

तुफ्फाहा पदर सावरत पुढे आली आणि गैदाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. अर्वाने तिच्या हाती कोरी पट्टी ठेवली.

तुफ्फाहाने ती उलटसुलट पाहिली आणि अदबीने परत केली. “नवी कशाला, बाई? आमची आहे की.”

“आणलीस बरोबर? शाबास. काढ मग.”

“काढू कशी? पहिल्याच दिवशी हिरव्यावर आणली आणि तिथंच टोकं शिवून टाकली. सगळ्याच जणींनी शिवल्या. तुम्ही म्हणालात तशी जिवापाड जपलीय बघा, आंघोळीलाही उतरवली नाही.”

तिने शाल बाजूला केली. मुलीची बाही आणि तिच्याखालची पट्टी एका बोटाने दंडापर्यंत, चामडी ताइताच्या शेजारी, वर नेली आणि सगळ्यांना दिसावे म्हणून तो हात कौतुकाने उंच धरला. मग तिने हात खाली आणला आणि बोट काढून घेतले. पट्टी कोपरावरून घरंगळत मनगटावर येऊन थांबली. खूण अजून हिरव्यावरच होती.